यकृतकृमीचा प्रवास

मुलांनो, प्रवासवर्णने तुम्ही वाचली असतील. इब्ने बतूता १३२५ साली मोरोक्कोमधून निघाला आणि वाळवंटे, समुद्र व डोंगर ओलांडत पुढे भारतात येऊन पोहोचला, हे तुम्ही इतिहासात शिकला असाल. आज आपण एका निराळ्याच प्रवाशाची हकीकत वाचणार आहोत. हा प्रवासी फार लांब जात नाही. तळ्याच्या काठापासून त्याच काठावर चरणाऱ्या मेंढीच्या पोटापर्यंत, एवढीच त्याची वाट. पण या एवढ्याशा वाटेत त्याला अनेकदा रूप बदलावे लागते. कधी पोहावे लागते, कधी गवताला चिकटून दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते, तर कधी दुसऱ्याच्या शरीरात बीळ पाडून शिरावे लागते. या प्रवाशाचे नाव आहे यकृतकृमी. इंग्रजीत त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात.

यकृत म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. तुम्ही घरी ज्याला जिगर म्हणता, तेच यकृत. स्वयंपाकघरात बकऱ्याच्या यकृताला कलेजी म्हणतात. यकृत हा शरीरातील एक मोठा आणि कष्टाळू अवयव आहे. अन्नातील पोषक द्रव्ये साठवणे, रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करणे, पित्तरस तयार करणे अशी अनेक कामे तो करतो. हा पित्तरस बारीक नळ्यांमधून आतड्यात जातो. या नळ्यांना पित्तनलिका म्हणतात. मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या पित्तनलिकांमध्येच यकृतकृमी आपले बिऱ्हाड थाटतो.

हा कृमी दिसतो कसा? मेंढीच्या यकृतात सापडणारा यकृतकृमी दोन ते तीन सेंटिमीटर लांब आणि सुमारे एक सेंटिमीटर रुंद असतो. त्याचे शरीर चपटे आणि आकार झाडाच्या पानासारखा असतो. म्हणून त्याच्या जातीच्या कृमींना पर्णकृमी असे म्हणतात. पर्ण म्हणजे पान. शास्त्रज्ञांनी त्याला फॅसिओला हेपॅटिका असे नाव दिले आहे. आपल्याकडे गाई-म्हशींमध्ये त्याचा एक मोठा भाऊबंद आढळतो. तो सात सेंटिमीटरपर्यंत लांब होतो. त्याचे नाव फॅसिओला जायगँटिका. दोघांची राहणी जवळजवळ सारखीच आहे. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत. एक चूषक तोंडाभोवती आणि दुसरा पोटाच्या बाजूला, असे दोन चूषक मात्र असतात. चूषक म्हणजे चिकटून राहण्याचा अवयव. त्यांच्या साहाय्याने हा कृमी पित्तनलिकेच्या आतल्या बाजूला घट्ट धरून राहतो.

जो जीव दुसऱ्या सजीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याच जिवावर पोसला जातो, त्याला परजीवी म्हणतात. ज्याच्या जिवावर तो पोसला जातो, त्याला पोशिंदा म्हणतात. यकृतकृमी परजीवी आहे आणि मेंढी त्याचा पोशिंदा आहे. परंतु त्याला एकच पोशिंदा पुरत नाही. त्याला दोन लागतात. दुसरा कोण, ते लवकरच कळेल.

त्याआधी एका कोड्याचा विचार करा. कृमी झालेली एक मेंढी आणि एक निरोगी मेंढी कोरड्या गोठ्यात शेजारी शेजारी बांधली. दोघींना वाळलेला चारा घातला, विहिरीचे स्वच्छ पाणी पाजले. असे दोन महिने ठेवले, तरी निरोगी मेंढीला यकृतकृमी होत नाहीत. आजारी मेंढीच्या लेंड्यांमध्ये कृमीची हजारो अंडी असतात. ती अंडी निरोगी मेंढीच्या पोटात गेली, तरी तिला काही होत नाही. मात्र त्याच दोघी पावसाळ्यात तळ्याकाठच्या गवतात चरू लागल्या, तर काही महिन्यांत दुसरीही आजारी पडू शकते. मग हा कृमी एका मेंढीतून दुसरीत जातो तरी कसा? चला, आता आपण त्याच्या मागोमाग जाऊ.

प्रवासाचा पहिला टप्पा अंड्याचा. पूर्ण वाढलेला एक यकृतकृमी दिवसाला वीस हजारांपर्यंत अंडी घालू शकतो. एक अंडे मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढे असते. ही अंडी पित्तरसाबरोबर आतड्यात उतरतात आणि लेंडीबरोबर बाहेर पडतात. लेंडी कोरड्या माळावर पडली, तर अंडी वाळून मरतात. पण ती पाण्यात किंवा दलदलीत पडली आणि हवा उबदार असली, तर अंड्याच्या आत जीव वाढू लागतो. साधारण दोन आठवड्यांत अंड्याच्या टोकाचे झाकण उघडते आणि एक इवलीशी अळी बाहेर येते.

दुसरा टप्पा या अळीचा. तिला मिरॅसिडियम म्हणतात. तिच्या अंगावर अतिशय बारीक केस असतात. वल्ह्यांनी नाव चालवावी, तशी ती या केसांनी पाण्यात भराभर पोहते. ती काहीच खात नाही. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर तिला जगायचे असते आणि ही शिदोरी फार तर एक दिवस पुरते. तेवढ्या वेळात तिला गोगलगाय सापडली पाहिजे. तीही कोणतीही गोगलगाय चालत नाही. लिम्निया नावाच्या कुळातील, गोड्या पाण्यात किंवा चिखलात राहणारी ठरावीक जातीचीच गोगलगाय लागते. ती सापडली नाही, तर अळीचा प्रवास तिथेच संपतो. ती सापडली, तर अळी गोगलगायीच्या मऊ अंगात बीळ पाडून आत शिरते. हाच यकृतकृमीचा दुसरा पोशिंदा. शास्त्रज्ञ त्याला मध्यस्थ पोशिंदा म्हणतात.

तिसरा टप्पा गोगलगायीच्या शरीरात पार पडतो आणि तो सर्वांत नवलाचा आहे. आत गेल्यावर अळीचे केस गळून पडतात आणि तिची एक साधी पिशवी बनते. या पिशवीत नवीन प्रकारच्या अळ्या तयार होतात. त्यांना रेडिया म्हणतात. प्रत्येक रेडियाच्या पोटात आणखी अळ्या तयार होतात. हे काम निदान सहा-सात आठवडे चालते. थंडी असली, तर त्याहून अधिक काळ लागतो. शेवटी गोगलगायीच्या अंगातून शेपटी असलेल्या अळ्या बाहेर पडू लागतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. त्या बेडकाच्या पिलांसारख्या दिसतात, पण अतिशय लहान असतात. आत एकच अळी शिरली होती. तिच्यापासून सहाशेहून अधिक अळ्या तयार होऊ शकतात. बिचारी गोगलगाय मात्र या पाहुण्यांपायी दुबळी होते.

चौथा टप्पा गवताचा. शेपटीच्या अळ्या पोहत पोहत पाण्याकाठच्या गवताला किंवा पाणवनस्पतींना जाऊन चिकटतात. तिथे त्यांची शेपटी गळते आणि त्या आपल्याभोवती एक टणक कवच तयार करतात. कवचातील ही अळी आता हलत नाही, खात नाही, वाढत नाही. ती केवळ वाट पाहते. हवा दमट असली, तर ती काही महिने जिवंत राहते. कडक ऊन आणि कोरडी हवा मात्र तिला सोसत नाही. तिचे कवच बहुधा गवताच्या खालच्या भागावर, पाण्याजवळ असते, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला याचा उपयोग होणार आहे.

पाचवा आणि शेवटचा टप्पा मेंढीचा. मेंढी ते गवत खाते. आतड्यात गेल्यावर कवच विरघळते आणि छोटा कृमी मोकळा होतो. तो आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरतो आणि तिथून थेट यकृतात शिरतो. सहा ते आठ आठवडे तो यकृत पोखरत हिंडतो. मग पित्तनलिकेत जाऊन स्थिरावतो, मोठा होतो आणि अंडी घालू लागतो. अंड्यापासून अंड्यापर्यंतच्या या फेऱ्याला जीवनचक्र म्हणतात. सर्व काही अनुकूल असले, तरीही हे चक्र पूर्ण व्हायला चार महिन्यांहून अधिक काळ लागतो. एकदा स्थिरावलेला कृमी मात्र मेंढीच्या शरीरात अनेक वर्षे जगू शकतो.

तुमच्या मनात प्रश्न आला असेल की, एक कृमी दिवसाला हजारो अंडी घालतो, तर सगळ्या मेंढ्या त्याने कधीच का संपवल्या नाहीत? त्याचे उत्तर या प्रवासातच आहे. बहुतेक अंडी वाळून जातात. जी फुटतात, त्यांतील बहुतेक अळ्यांना गोगलगाय भेटत नाही. ज्या गोगलगायीतून बाहेर येतात, त्यांतील बहुतेक अळ्यांचे गवत कोणी खात नाही. हजारो निघतात, तेव्हा कुठे एखादी पोहोचते. अंड्यांची ती प्रचंड संख्या हे कृमीचे बळ नसून त्याच्या वाटेतील धोक्यांचे माप आहे.

तरीही जे पोहोचतात, ते पुरेसे नुकसान करतात. यकृतकृमी रक्त पितो. एक कृमी दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपर्यंत रक्त घेऊ शकतो. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण थेंबे थेंबे तळे साचे. मेंढीच्या पोटात शंभर कृमी असले, तर ती रोज पन्नास मिलिलिटरपर्यंत रक्त गमावू शकते. तिच्या डोळ्यांच्या पापण्या आतून लाल असाव्यात, त्या पांढुरक्या पडतात. तिच्या जबड्याखाली पाणी साचून थैलीसारखी सूज येते. तिचे वजन घटते, लोकर गळते, दूध आटते. एकाच वेळी पुष्कळ कोवळे कृमी यकृत पोखरू लागले, तर मेंढी अचानक मरते. मोठ्या जनावरांच्या पित्तनलिका या रोगाने जाड आणि कडक होतात. असे यकृत कापताना खाटिकाची सुरी करकरते. ज्या घराचा संसार चार शेळ्यांच्या दुधावर चालतो, त्या घरातील एक शेळी गेली, तर केवढे नुकसान होते, याचा विचार करा. त्या पैशांत मुलांची पुस्तके येतात, फी भरली जाते.

या कृमीचा हा सारा प्रवास माणसाला समजला कसा, हीदेखील वाचण्यासारखी गोष्ट आहे. ओल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांचे यकृत सडते, हे युरोपातील मेंढपाळांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. मेलेल्या मेंढीच्या यकृतात पानासारखे कृमी असतात, हेही त्यांनी पाहिले होते. पण ओल्या कुरणाचा आणि कृमीचा संबंध काय, ते कोणालाच सांगता येत नव्हते. १८७९-८० च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये या रोगाने कहर केला. सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या. तेव्हा तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटी या शेतीविषयक संस्थेने या रोगाचा शोध लावण्याचे ठरवले. हे काम ऑक्सफर्ड येथील अल्जरनन थॉमस या तरुणाकडे आले. त्याचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते.

काही पर्णकृमींच्या अळ्या गोगलगायींत वाढतात, एवढे तोपर्यंत कळले होते. पण यकृतकृमीची गोगलगाय कोणती? थॉमसने निरनिराळ्या जातींच्या गोगलगायी गोळा केल्या आणि त्या अळ्या असलेल्या पाण्यात ठेवून पाहिल्या. त्याचा संशय एका लहानशा गोगलगायीवर होता. पण नेमकी तीच त्याला पुरेशी सापडेना. अखेर १८८२ च्या जुलै महिन्यात ऑक्सफर्डजवळच्या नदीला पूर आला. पुराच्या पाण्याबरोबर त्या जातीच्या गोगलगायी मोठ्या संख्येने वाहत आल्या. थॉमसने त्या गोळा करून प्रयोग केले आणि अळीने गोगलगायीत शिरून घेतलेली सारी रूपे क्रमाने पाहिली. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिग येथे रुडॉल्फ लॉयकार्ट हे अनुभवी प्राध्यापक याच प्रश्नावर काम करत होते. तेही स्वतंत्रपणे त्याच उत्तरापर्यंत पोहोचले. यकृतकृमीच्या जीवनचक्राच्या शोधाचे श्रेय आज दोघांनाही दिले जाते. मेंढीच्या पोटात कृमी जातो तो गवतावरील कवचातूनच, ही शेवटची कडी त्यानंतर काही वर्षांनी हवाई बेटांवर पक्की झाली. ती जोडणारे आडोल्फो लुट्झ हे ब्राझील देशाचे डॉक्टर होते.

तुम्ही म्हणाल, जीवनचक्र कळले, पण त्यामुळे मेंढी बरी झाली का? लगेच झाली नाही. परंतु शेतकऱ्याला कुठे हात घालायचा, ते कळले. जीवनचक्र ही एक साखळी आहे. मेंढी, लेंडी, पाणी, गोगलगाय, गवत आणि पुन्हा मेंढी, या तिच्या कड्या. साखळीची कोणतीही एक कडी तोडली, तरी संपूर्ण साखळी तुटते. शत्रू नाहीसा करता आला नाही, तरी त्याची वाट अडवता येते.

आता एकेक कडी पाहू. पहिली कडी मेंढीच्या शरीरातील कृमीची. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य वेळी जंताचे औषध पाजले, तर ते कृमी मरतात आणि अंडी पडणे थांबते. पण औषध मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तेवढे देऊ नये. यकृतकृमीवरील एका अतिशय गुणकारी औषधाला दाद न देणारे कृमी १९९५ साली ऑस्ट्रेलियात आढळले आणि नंतर इतर देशांतही आढळले. केवळ औषधावर विसंबून राहता येत नाही, ते यामुळेच. दुसरी कडी शेणाची. शेण आणि लेंड्या तळ्याकाठी पडू न देता खड्ड्यात साठवल्या, तर खत कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. तिसरी कडी गोगलगायीची. साचलेले पाणी चर खणून काढून दिले, तर गोगलगायींना राहायला जागा उरत नाही. बदके गोगलगायी आवडीने खातात. त्यामुळे बदके पाळणाऱ्याचा दुहेरी फायदा होतो. चौथी कडी गवताची. जनावरांना दलदलीत चरू देऊ नये. डबक्याऐवजी हौदात पाणी पाजावे. पाण्याकाठचे गवत घालायचेच असेल, तर ते बुडापासून न कापता वरून कापावे आणि कडक उन्हात चांगले वाळवावे. कवचे गवताच्या खालच्या भागावर असतात, हे तुम्हांला आठवत असेलच.

यांतील काही गोष्टी आपल्या मेंढपाळांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होत्या. महाराष्ट्रातील अनेक धनगर पावसाळ्याचे महिने कमी पावसाच्या माळरानावर काढतात आणि पाऊस संपल्यावरच आपले कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. मुसळधार पावसात आणि चिखलात मेंढ्या टिकत नाहीत, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ओळखले आहे.

हा कृमी माणसाला होतो का? होतो. पाण्यात वाढणाऱ्या भाज्या कच्च्या खाल्ल्या आणि त्यांवर ही कवचे असली, तर माणसालाही हा रोग जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सत्तरहून अधिक देशांत मिळून निदान चोवीस लाख लोकांना त्याची बाधा झालेली आहे. अशा भाज्या नीट शिजवून खाव्यात. कलेजीविषयी मात्र घाबरू नका. रोग पसरतो तो पाण्याकाठच्या वनस्पतींवरील कवचांमुळे. नीट शिजवलेल्या कलेजीतून तो होत नाही. तरीही ज्या यकृतात कृमी दिसतील, ते खाऊ नये, हे उघड आहे.

चपट्या कृमींचे कुळ मोठे आहे आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. काही पर्णकृमी गवतावर वाट पाहत बसत नाहीत. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतूनच ते आत शिरतात आणि रक्तवाहिन्यांत राहतात. अशाच एका कृमीमुळे लघवीतून रक्त जाते. आफ्रिकेतील अनेक देशांत हा रोग आहे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी या रोगाचे रुग्ण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात असल्याचे दाखवून दिले, तेव्हा वैद्यकीय जगात मोठे आश्चर्य व्यक्त झाले. या कृमीलाही मध्यस्थ म्हणून गोड्या पाण्यातील गोगलगायच लागते.

चपट्या कृमींचा आणखी एक गट आहे पट्टकृमींचा. त्यांचे शरीर फितीसारखे असते. त्यांतील एक तुमच्याआमच्या फार जवळचा आहे, म्हणून त्याची माहिती प्रत्येकाला असायला हवी. त्याचे नाव एकायनोकॉकस. तो जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांब असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गवताबरोबर ती मेंढीच्या किंवा शेळीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढू लागतात. अशी गाठ असलेले कच्चे यकृत कुत्र्याने खाल्ले की, चक्र पूर्ण होते. कुत्र्याला हात लावून तसेच जेवायला बसणाऱ्या माणसाच्या पोटातही ही अंडी जाऊ शकतात. मग त्याच्याही यकृतात अशी गाठ वाढते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते.

आइसलँड या थंड देशात एके काळी हा रोग फार पसरला होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे जाऊन कुत्र्यांची तपासणी केली. त्याला सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांमध्ये हा पट्टकृमी सापडला. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. क्राबेने एक लहानशी पुस्तिका लिहिली. रोग कसा होतो आणि तो कसा टाळावा, हे त्याने साध्या भाषेत सांगितले. १८६४ साली ती पुस्तिका देशातील घराघरांत फुकट वाटण्यात आली. लोकांनी ती वाचली. कापलेल्या मेंढीचे खराब अवयव कुत्र्यांपुढे टाकणे बंद झाले. पुढे कायदेही झाले. नवीन रुग्ण हळूहळू कमी होत गेले आणि विसावे शतक संपेपर्यंत तो देश या रोगातून मुक्त झाला. कडी तोडण्याचे काम तेथे प्रथम एका पुस्तिकेने केले.

मुलांनो, हे काम तुम्हांलाही करता येण्यासारखे आहे. बकरी ईद असो, गावची जत्रा असो किंवा रोजचे मटणाचे दुकान असो, जनावर कापल्यावर निघालेले गाठींचे किंवा कृमींचे यकृत, फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नये. ते खोल खड्ड्यात पुरावे. कुत्र्याला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पालेभाज्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. तळ्याकाठी गोगलगाय दिसली, तर तिला ठेचू नका. बहुतेक गोगलगायी निरुपद्रवी असतात. दोष डबक्याचा आणि आपल्या निष्काळजीपणाचा असतो.

आणखी एक काम आहे. तुमच्या घरी, शेजारी किंवा नातेवाइकांकडे कोणी शेळ्या-मेंढ्या किंवा म्हशी पाळत असतील, तर ही हकीकत त्यांना सांगा. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांना ती उर्दूतून सांगा. पाच टप्पे आणि चार कड्या एवढेच लक्षात ठेवले, तरी पुरे. पावसाळा लागण्यापूर्वी सांगितले, तर अधिक चांगले.

स्वाध्याय

१. यकृतकृमीला पर्णकृमी का म्हणतात?

२. कोरड्या गोठ्यात शेजारी बांधलेल्या निरोगी मेंढीला यकृतकृमी का होत नाहीत?

३. 'हजारो निघतात, तेव्हा कुठे एखादी पोहोचते,' असे लेखात का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.

४. यकृतकृमीच्या साखळीतील कड्या क्रमाने लिहा. त्यांतील कोणती कडी तुमच्या गावात सर्वांत सहज तोडता येईल? कारण सांगा.

५. थेंबे थेंबे तळे साचे, कहर करणे, दाद न देणे, विसंबून राहणे यांचा वाक्यात उपयोग करा.

६. उपक्रम : या पाठातील माहितीवर आधारित दहा ओळींचे सूचनापत्रक मराठीत आणि उर्दूत तयार करा व शाळेच्या फलकावर लावा.